थर्मामीटरवर १०२, हिरड्या मात्र विटकरी

"दोन दिवस खात नाहीये, पाणी मात्र सारखं पितेय." रात्री अकरानंतर हे वाक्य कानावर पडलं आणि टेबलावर नसबंदी न झालेली, मध्यमवयीन मादी असली, की आधी एकच गोष्ट विचारायची: शेवटची माजावर कधी आली होती? या लॅब्रॅडॉरच्या बाबतीत उत्तर आलं, "महिना-सव्वा महिना झाला असेल." वय ७ वर्षं, वजन २८ किलो, शेपटीखाली स्राव नाही. स्राव नाही म्हणून घरच्यांना गर्भाशयाची शंका आली नव्हती. आदल्या दिवशी दुसरीकडे पोट बिघडल्याचं समजून उलटीचं आणि तापाचं इंजेक्शन दिलं गेलं होतं.

माज संपल्यावर साधारण चार ते आठ आठवडे हा गर्भाशयात पू होण्याचा, म्हणजे पायोमेट्राचा काळ. प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं असतं, स्नायू आकुंचन पावत नाहीत, आणि माजाच्या वेळी वर चढलेले जंतू (बहुतेकदा इ. कोलाय) आत निवांत वाढतात. गर्भाशयाचं तोंड उघडं राहिलं तर पू बाहेर येतो, वास येतो, कुत्री सारखी चाटत बसते आणि घरच्यांच्या लक्षात येतं. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, म्हणून हा प्रकार जास्त घातक. सारखं पाणी पिणंही याच कहाणीतलं: इ. कोलायच्या विषामुळे मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, पाणी वाहून जातं आणि तहान लागते.

पहिली दोन मिनिटं यंत्रांची नसतात. ओठ वर करून हिरडी बघायची. तिची हिरडी फिकट नव्हती, विटकरी लाल होती. बोटाने दाबून सोडली तर रंग एका सेकंदाच्या आत परतत होता. मांडीच्या आतली नाडी टणटणीत, उडी मारल्यासारखी. नवख्या माणसाला हे चांगलं लक्षण वाटतं, कारण 'शॉक म्हणजे पांढरी हिरडी आणि बारीक नाडी' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. जंतुदोषाच्या (सेप्सिसच्या) सुरुवातीच्या टप्प्यात कुत्र्यात उलट होतं. बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, हृदय जोरात पंप करतं, कातडी आणि हिरड्या लाल दिसतात. दाब मात्र आतून उतरत असतो. हा टप्पा हातातून गेला की मग पांढरी हिरडी, दोन सेकंदांहून उशिरा परतणारा रंग, गार पंजे, आणि तोवर काम फार अवघड झालेलं असतं.

मग आकडे घेतले. ताप १०२.० अंश फॅरनहाइट. हृदयाचे ठोके १५६. श्वास ४४. डॉप्लरवर वरचा रक्तदाब ८४.

तापाच्या आकड्यावर घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ असतं, त्यामुळे १०२ म्हणजे 'ताप नाही'. पण आदल्या दिवशी तापाचं इंजेक्शन दिलेलं होतं हे विसरून चालत नाही. शिवाय गुदद्वार सैल पडलं असेल किंवा थर्मामीटरचं टोक विष्ठेत रुतलं असेल तर आकडा खोटा खाली येतो. टोक गुदाशयाच्या भिंतीला टेकवून एक मिनिट धरायचं, पुन्हा घ्यायचं. आणि तापमान खरोखरच १०० च्या खाली असेल तर १०४ पेक्षा जास्त घाबरायचं; शरीराने ताप आणण्याची ताकदच गमावलेली असते.

शरीरभर पेटलेल्या दाहाची व्याख्या माणसांच्या वैद्यकात १९९१ च्या एका परिषदेत ठरली आणि पशुवैद्यकाने ती आपल्या रुग्णांना बेतून घेतली. कुत्र्यासाठी चारांपैकी दोन गोष्टी लागतात: तापमान साधारण १००.६ च्या खाली किंवा १०२.६ च्या वर, ठोके १२० च्या वर, श्वास २० च्या वर, पांढऱ्या पेशी ६,००० च्या खाली किंवा १६,००० च्या वर (किंवा कच्च्या न्यूट्रोफिलचं, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पण अजून अपक्व पांढऱ्या पेशींचं, प्रमाण ३ टक्क्यांहून जास्त). पुस्तकागणिक दशांशाचा फरक सापडेल, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. अर्थ या गोष्टीत आहे की ही चाळणी फार मोठ्या भोकांची आहे. रिक्षातून आलेला, मांजराचा वास घेतलेला, घाबरलेला निरोगी कुत्राही १३० ठोके आणि ३० श्वास सहज दाखवतो आणि व्याख्येत बसतो. माणसांच्या वैद्यकाने २०१६ मध्ये ही चाळणी बाजूला ठेवून 'संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणे' ही व्याख्या धरली. आमच्याकडे चाळणी अजून वापरात आहे, पण ती दार उघडण्यापुरती. आत काय आहे ते दुसऱ्या गोष्टी सांगतात.

त्यातली सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे पुन्हा मोजणं. श्वास मोजायचे ते कुत्रं धापा टाकत नसताना, मालकाजवळ, पूर्ण अर्धं मिनिट. ठोके टेबलावर एकदा, खाली जमिनीवर मालकाच्या पायाशी बसल्यावर एकदा. घाबरल्यामुळे वाढलेले ठोके दहा मिनिटांत उतरतात. हिचे १५६ चे १५२ झाले, म्हणजे जवळपास तिथेच. ठोक्यांना वरच्या रक्तदाबाने भागलं की शॉक इंडेक्स मिळतो. कुत्र्यात तो १ च्या वर गेला की काळजीचं कारण. इथे १५६ भागिले ८४, म्हणजे जवळजवळ १.९. कफ मात्र बरोबर हवा: पट्ट्याची रुंदी पायाच्या घेराच्या साधारण ४० टक्के. छोट्या कफने दाब खोटा जास्त येतो आणि शॉकमधला रुग्ण 'ठीक' ठरतो.

रक्त काढताना एक क्रम पाळला नाही तर पुढची सगळी गणितं बिघडतात. आधी नमुने, मग डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) आणि अँटिबायोटिक. पुढच्या पायात १८ नंबरचा हिरवा इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची नळी), त्यातूनच पहिलं रक्त. लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) ४.६ मिलिमोल, निरोगी प्रौढ कुत्र्यात ते साधारण २.५ च्या आत असतं. झटापट झाली किंवा शीर फार वेळ आवळून धरली तर लॅक्टेट उगाच चढतं, आणि नमुना तसाच टेबलावर पडला तर नळीतल्या पेशीच ते बनवत राहतात. म्हणून लगेच मोजायचं, नाहीतर राखाडी बुचाच्या नळीत घालायचं. साखर ५८. माणसांचा ग्लुकोमीटर कुत्र्याच्या रक्तात बहुधा थोडा कमी दाखवतो, पण संसर्गाची शंका असताना ६० च्या खालचा आकडा मशीनची चूक म्हणून सोडून द्यायचा नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंड थकलं की वाढणारं) २.१, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) १.९, पांढऱ्या पेशी ३,८००.

३,८०० वर थोडं थांबायला हवं. पायोमेट्रा म्हटलं की ३०-४० हजार पेशींची अपेक्षा असते. कमी आकडा म्हणजे संसर्ग कमी असं नाही. पेशी पुवात खर्ची पडत आहेत आणि अस्थिमज्जेला तो वेग झेपत नाही. हे कळण्यासाठी काचेवर स्मिअर, म्हणजे रक्ताचा पसरलेला पातळ थर, बघावाच लागतो. माणसांच्या लॅबमध्ये पाठवलेल्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) कच्चे न्यूट्रोफिल वेगळे मोजून येत नाहीत. स्मिअरमध्ये घोड्याच्या नालेसारखं अखंड केंद्रक असलेल्या पेशी, पेशीद्रवात निळसर छटा, बुडबुडे आणि बारीक निळे ठिपके दिसले की मज्जा घाईघाईत माल बाहेर पाठवतेय हे समजतं. त्याच काचेवर प्लेटलेटही मोजून घ्यायच्या: तेलाच्या भिंगाखाली एका क्षेत्रात एक प्लेटलेट म्हणजे साधारण १५,०००. हिच्या सात-आठ दिसत होत्या, म्हणजे लाखाच्या आसपास.

इथे आपल्या भागातला एक घोळ सांगणं भाग आहे. गोचीडतापाने, म्हणजे एर्लिकियाने, आपल्याकडे कितीतरी कुत्र्यांच्या प्लेटलेट आधीच कमी असतात. बॅबेसियात (गोचिडातूनच येणाऱ्या रक्तातल्या परजीवीत) तापही असतो, ठोकेही वाढतात, हिरड्या फिकट. म्हणजे चाळणीत हे दोन्ही रुग्ण बसतात आणि कमी प्लेटलेट बघून 'रक्त गोठण्याची यंत्रणा कोसळली' असा निष्कर्ष घाईने निघतो. उलट चूकही रोजची आहे: स्मिअरमध्ये बॅबेसिया दिसला की त्यावरच औषध सुरू होतं आणि पोटातल्या पुवाकडे कोणी बघत नाही. एका कुत्र्याला दोन आजार असू शकतात. फिकट हिरडी, कमी पीसीव्ही (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) आणि पिवळसर प्लाझ्मा असेल तर बॅबेसिया अग्रभागी. विटकरी हिरडी, ठीकठाक पीसीव्ही, कमी साखर आणि कच्चे न्यूट्रोफिल असतील तर पू शोधायचा.

शोधायला सोनोग्राफी. कुत्री आडवी, चार जागा: यकृत आणि पडद्याच्या मधली, प्लीहा आणि डाव्या मूत्रपिंडाजवळची, मूत्राशयाची, आणि उजव्या मूत्रपिंड-यकृताजवळची. मूत्राशयाच्या मागे-पुढे काळसर द्रवाने भरलेल्या जाड नळ्या दिसल्या. आतडं की गर्भाशय? आतड्याच्या भिंतीचे थर दिसतात आणि ते वळवळतं. या नळ्या निपचित होत्या. आणि मूत्राशयाच्या टोकाशी बाहेर मोकळा द्रवाचा छोटा त्रिकोण होता. मूत्राशयातून सुईने लघवी घेण्याचा विचार अशा वेळी मनातही आणायचा नाही. पुवाने ताणलेलं गर्भाशय शेजारीच असतं आणि सुई चुकली तर पू पोटात.

मोकळा द्रव मात्र सोनोग्राफीवर बघत, २२ नंबरच्या सुईने, नळ्यांपासून लांबून काढला. जेमतेम ३ मिली, गढूळ, लालसर. ग्लुकोमीटरवर 'लो' आलं, म्हणजे त्या मशीनच्या २० च्या मर्यादेखाली. रक्तात ५८, द्रवात २० हून कमी. कुत्र्यात रक्त आणि पोटातल्या द्रवाच्या साखरेत २० पेक्षा जास्त फरक असला तर जंतुजन्य पेरिटोनायटिसची (पोटाच्या आतल्या आवरणाच्या दाहाची) शंका बळकट होते, कारण जंतू आणि पांढऱ्या पेशी दोन्ही साखर खातात. द्रवाचं लॅक्टेट ९, रक्ताच्या दुप्पट. आधी डेक्स्ट्रोज टोचून मग रक्ताची साखर मोजली असती तर हा फरक खोटा मोठा दिसला असता. वर क्रमाचा आग्रह धरला तो यासाठी. पोटाचं ऑपरेशन आधीच झालेलं असेल तर हे आकडे भरवशाचे राहत नाहीत. शेवटचा निकाल मायक्रोस्कोपचा: रंगवलेल्या काचेवर सुजून विस्कटलेले न्यूट्रोफिल आणि त्यांच्या पोटात दांडीच्या आकाराचे जंतू. पेशीच्या आतले जंतू महत्त्वाचे. बाहेर सुटे दिसणारे ठिपके पुष्कळदा रंगाच्या बाटलीतला गाळ असतो.

निदान होईपर्यंत उपचार थांबलेले नव्हते. नमुने हातात आल्याबरोबर सलाईन सुरू झालं होतं. किलोला १५ मिली, म्हणजे ४२० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट), २० मिनिटांत. हा वेग थेंब मोजून साधत नाही. बाटली किती उतरली ते बघायचं, बाटलीत हवेची सुई आहे ना ते तपासायचं, आणि पिशवी असेल तर तिच्याभोवती बीपीचा पट्टा गुंडाळून फुगवायचा. जुन्या पुस्तकांतला किलोला ९० मिलीचा 'शॉक डोस' हा एकदम ओतण्याचा आकडा नाही. छोटा डोस, मग पुन्हा हिरडी, नाडी, ठोके, दाब. पहिल्यानंतर ठोके १४०, दाब ९२. दुसरा डोस किलोला १०, म्हणजे २८० मिली. त्यानंतर १२८ आणि १०४.

साखरेसाठी २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज किलोला १ मिली, म्हणजे २८ मिली, तितक्याच एनएसमध्ये (नॉर्मल सलाईनमध्ये) मिसळून पाच मिनिटांत. तसंच घट्ट टोचलं तर शीर जळते. पुढे चालू ठेवायला ५०० च्या बाटलीतून ५० मिली काढून त्या जागी ५० मिली डी-२५ (हेच २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज) घातलं की अडीच टक्के होतं. डेक्स्ट्रोजची ही बाटली भरभर सोडायची नाही, तिची लाइन वेगळी.

अँटिबायोटिक पहिल्या तासात गेलंच पाहिजे. अँपिसिलिन-सल्बॅक्टम किलोला ३० मिलिग्रॅम शिरेतून, आणि एन्रोफ्लॉक्सॅसिन किलोला १० मिलिग्रॅम, एनएसमध्ये पातळ करून अर्ध्या तासात. दुसरं औषध वाढत्या पिल्लात टाळायचं, कूर्चा खराब होते. मांजरात ५ च्या वर न्यायचं नाही, कायमचं अंधत्व येऊ शकतं. ज्यांच्या कपाटात सेफ्ट्रायाक्झोन आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावं: आरएलमध्ये कॅल्शियम असतं, एकाच लाइनमधून दोन्ही सोडलं तर खडा धरतो. मूत्रपिंडाला जड जाणाऱ्या जेंटामायसिनचा मोह क्रिएटिनिन २.१ असताना आवरायचा.

आता तापाच्या इंजेक्शनाबद्दल, कारण इथे सगळ्यांत जास्त नुकसान होतं. उतरलेल्या रक्तदाबात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनांच्या आधारावर तग धरून असतो. मेलॉक्झिकॅमसारखी औषधं नेमकी तीच वाट बंद करतात. ताप उतरतो, मालक खूश होतात, आणि तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन ६ होतं. घरातली माणसांची गोळी तर त्याहून वाईट: डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, आणि मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते. डेक्सामेथाझोन या स्टेरॉइडची 'एक सुई' ही आपल्याकडची जुनी सवय. कुत्रं तासभर उठून बसतं, पांढऱ्या पेशींचं चित्र बिघडतं, संसर्ग मोकळा सुटतो. त्यात मेलॉक्झिकॅमही दिलेलं असेल तर आतड्याला भोक पडायची भीती. त्यामुळे आल्या आल्या विचारायचं, आधी कोणती इंजेक्शनं झाली, आणि चिठ्ठी नसेल तर रिकाम्या बाटलीचा फोटो मागवायचा.

दोन तासांनी लॅक्टेट २.९. लॅक्टेटचा एकटा आकडा फार बोलत नाही. तो उतरतोय की नाही हे बोलतं. दाब टिकत होता, लघवी येऊ लागली होती (तासाला किलोमागे १ मिली हवी, अर्ध्याच्या खाली गेली की धोका). इतकी स्थिरता पुरे. पू आत असताना पूर्ण बरं होण्याची वाट बघत बसलं तर ती वेळ येतच नाही, आणि दाब ८० असताना भूल दिली तर टेबलावरच खेळ संपतो. या दोहोंमधली खिडकी साधारण काही तासांची असते.

भुलीत झायलाझिन आणि ॲसिप्रोमाझिन ही दोन्ही शामक औषधं बाजूला. केटामिन-डायझेपाम थोडं थोडं, परिणाम बघत. मग आयसोफ्लुरेन शक्य तितकं कमी. तरीही दाब ७० वर आला तेव्हा नॉरॲड्रेनलिन (रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवणारं औषध) मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅमने सुरू केलं. २ मिलिग्रॅम बेस ५० मिलीत मिसळलं की मिलीला ४० मायक्रोग्रॅम. २८ किलोला तासाला ४.२ मिली. लेबलवर बायटार्ट्रेट (औषधाचा क्षार) लिहिलंय की बेस (मूळ औषध), हे दोनदा वाचायचं. २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेटमध्ये बेस १ मिलिग्रॅमच असतो, आणि ही चूक झाली तर पूर्ण रात्र अर्ध्या डोसवर निघते. गर्भाशयाच्या डाव्या शिंगाला टाचणीएवढं छिद्र होतं. गर्भाशय आणि अंडाशय काढून पोट कोमट सलाईनने धुतलं, किलोला २०० मिलीहून अधिक, जवळपास सहा लिटर, आणि ते सगळं सक्शनने परत ओढून घेतलं. आत राहिलेलं पाणी जंतूंना पसरायला वाट देतं. पुवाचा नमुना कल्चरला.

अशीच विटकरी हिरडी, असेच ठोके मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे उष्माघाताच्या कुत्र्यात दिसतात, तिथे सुरुवातीला जंतूंचा संबंध नसतो. स्वादुपिंडाच्या दाहात, गांधीलमाश्यांच्या दंशात, भाजल्यावरही तेच. शरीराची प्रतिक्रिया एकच, ठिणगी वेगळी. अशा रुग्णाला केवळ आकडे बसतात म्हणून अँटिबायोटिकचा मारा करायचा नाही. संसर्गाची जागा शोधायची आणि सापडली नाही तर दर काही तासांनी पुन्हा शोधायची. उष्माघातात आतड्याचं अस्तर सोलून निघतं आणि एक-दोन दिवसांत आतड्यातले जंतू रक्तात उतरतात, त्यामुळे रक्ताची हगवण सुरू झाली की गणित बदलतं.

मांजर हा स्वतंत्र विषय आहे. तिथे चारांपैकी तीन गोष्टी लागतात आणि ठोक्यांची मर्यादा दोन्ही बाजूंनी असते: २२५ च्या वर किंवा १४० च्या खाली. जंतुदोषात मांजराची हिरडी लाल होत नाही. ते थंड पडतं, ठोके मंदावतात, दाब उतरतो, पोट दाबलं की कण्हतं. १३० ठोक्यांचं शांत मांजर बघून 'किती गुणी आहे' असं म्हणणाऱ्याने थर्मामीटर लावावा. सलाईन किलोला ५ ते १० मिलीच, आणि सोबत ऊब. थंड मांजराला आधी भरपूर सलाईन दिलं आणि मग गरम केलं तर पाणी फुप्फुसात उतरतं. नाकातून पातळ पाणी किंवा श्वासाचा वेग वाढला की सलाईन बंद.

लॅब्रॅडॉरला सकाळी सहाला नॉरॲड्रेनलिन हळूहळू उतरवत बंद केलं. दर चार तासांनी साखर, दर सहा तासांनी लॅक्टेट, दिवसातून दोनदा स्मिअर. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी ३१,००० झाल्या. घरच्यांना तो आकडा सांगताना आधीच समजवावं लागतं की गर्भाशय काढल्यावर पेशी वर उसळतात, कारण त्यांना पळवून नेणारा पू आता नाही. बघायचं ते कच्च्या पेशींचं प्रमाण, आणि ते उतरत होतं. उकडलेल्या चिकनचे चार घास तिने त्याच संध्याकाळी खाल्ले. चौथ्या दिवशी कल्चर आलं: इ. कोलाय, एन्रोफ्लॉक्सॅसिनला दाद न देणारा, अँपिसिलिन-सल्बॅक्टमला देणारा. एन्रोफ्लॉक्सॅसिन बंद केलं, घरी अमॉक्सिसिलिन-क्लाव्ह्युलॅनिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, आणि क्रिएटिनिनसाठी एका आठवड्याने परत बोलावलं.